भाचीच्या पाठीशी उभे राहण्याबद्दल

आष्टा,
१४ मार्च १९९६

तीर्थरूप साळूआक्काच्या पायांवर धाकट्या गुंडाचे डोके. दाजींचे गुडघे आणि तुझ्या कुशीतला टाका, दोन्ही आता दुखत नसावेत. तुझी किडनी दोन वर्षे माझ्याकडे नांदते आहे. रोज देवाआधी तुझे नाव घेतो (देवाला चालते, मी विचारले आहे).

आपल्या संयोगिताच्या लग्नाच्या सुपारीत जे झाले त्याची माफी मागायला हे पत्र लिहितो आहे. आक्का, किडनी टिकावी म्हणून ज्या गोळ्या घेतो त्यांचेच हे प्रताप. एकीने तोंड कलिंगडाएवढे केले आणि भूक अशी दिली की पंगत उठली तरी मी पानावरच. दुसरीने कपाळावर आणि कानांवर केस उगवले (टकलावर मात्र एक नाही) आणि हाताला कापरे भरवले. गर्दीत तोंडाला फडके बांधा, हा डॉक्टरांचा हुकूम वेगळाच. चहा प्यायला ते फडके सोडले आणि नवरदेवाचे चुलते भाऊसो मोठ्याने म्हणाले, "आवं, आजारी मामा कुठं हाय? ह्यो तर तालमीतनं आल्यागत दिसतोय!" सगळे हसले. मीही हसायला हवे होते. पण या गोळ्यांनी रागही नाकावर येतो. "आजारी बघायचा आसंल तर दवाखान्यात जावा, हितं पोरीच्या सुपारीला आलायसा!" असे मी ओरडलो, आणि कापऱ्या हातातला चहा त्यांच्या नव्या धोतरावर सांडला. तरी त्यांनी लग्नाची तारीख मोडली नाही, हा त्यांचा मोठेपणा. तुझा उतरलेला चेहरा मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

म्हणून ठरवले आहे की लग्नात अंतरपाटाजवळ पोरीच्या पाठीशी मामा म्हणून भावकीतल्या हरिबाने उभे राहावे. त्याचे तोंड बेताचे आहे आणि हातही स्थिर आहे. मी इथेच देवापुढे अक्षता टाकीन.

तुझा
गुंडा

ता. क. एक गोष्ट लपवली. लग्नात तरी तोंड माणसासारखे दिसावे म्हणून सुपारीनंतर नऊ दिवस गोळ्या बंद ठेवल्या. तोंड जरा उतरल्यासारखे वाटले, आरशात पाहून खूशही झालो. दहाव्या दिवशी पाय सुजले. विश्रामबागेतल्या डॉक्टरांनी रक्ताचा कागद पाहिला, पण रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "किडनी कोणाची?" म्हटले, बहिणीची. "मग गोळ्या बंद करताना बहिणीला विचारलं होतं का?" इंजेक्शने झाली, आता धोका टळला आहे. गोळ्या वेळेवर घेतो.

ता. क. दुसरा. तेव्हा विचारले नाही, आता विचारतो. असाच गोल तोंडाचा, फडके बांधून, मीच पोरीच्या पाठीशी उभा राहिलो तर चालेल का? चालत नसेल तर हरिबाला सांग. गोळ्या मी तरीही घेईन.