पाच नंबरचा बचावपटू

हमजाभाई,

तू पलीकडच्या खोलीत झोपलायस, तरी लिहितेय. तुझ्या हाती मात्र हे देणार नाही.

दोह्यातल्या मॉलच्या बर्फावर स्केटिंग शिकलास आणि फिनलंडच्या संघात आइस हॉकीचा बचावपटू झालास. आठ वर्षं धडका झेलल्यास. शेवटची डोक्यावर बसली आणि खेळ खलास झाला. आम्ही तुला परत दोह्याला, अल मुंतझातल्या आपल्या घरी आणलं.

आज अम्मीने तुझी जुनी मॅच लावली. पाच नंबर, म्हणजे तू, गोलकडे येणाऱ्याला अंगाने अडवत होतास. ते बघून तू टाळ्या वाजवल्यास.

"काय खेळतो हा! कोण आहे गं?"

"माझा भाऊ," मी म्हटलं.

"नशीबवान आहेस. भेटतो का तुला?"

अम्मी उठून किचनमध्ये गेली. मी म्हटलं, "भेटेल, इन्शाल्ला."

तुझीच,
निदा