दोन बोटं पाणी

गुंजनचे बाबा,

मी सेलूले भावाकडे चालली. गुंजनले संग नेलं. भाजी जाळीच्या कपाटात आहे. आईच्या गोळ्या त्यांच्या उशाशी आहेत.

खिडकीखालच्या मातीच्या परळात दोनच बोटं पाणी ठेवजा. चिमण्यांले पाय टेकवाले मी त्यात छपराच्या फुटक्या कवेलूचा तुकडा ठेवलता, तो तुम्ही कचरा समजून फेकला. दुसरा ठेवला, तर झाडांले पाणी देता देता तुम्ही परळ काठोकाठ भरता. किती वेळा सांगितलं. आता एक बी चिमणी येत नाई.

आईले दिसत नाई. सकाळी चिमण्यांच्या आंघोळीचा आवाज आला तरच त्या चहा घेतात, नाई तर कप तसाच राह्यते. म्हणून महिनाभरापासून मीच खिडकीखाली बसून पाण्यात बोटं फडफडवून राह्यली. आता ते तुम्हाले करा लागन. तेवढा वेळ कूलर बंद ठेवजा.

कधी येईन ते आताच विचारू नका.

काल चहा घेताना आई म्हणाल्या, "सुनबाई, चिमणी लय थकली वाटते. तिले म्हण, चार दिवस माहेरी जाऊन ये."

गुंजनची आई