पाठकोरा मसुदा

ती. दादास,

साष्टांग नमस्कार (मांडी घालून लिहिते आहे, तेव्हा मनानेच घातला असे समजावे). देवाच्या कृपेने इथे सगळी बरी आहेत. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींना सांग, तेल कोमट करून चोळावं, पण त्यासाठी वेगळा गॅस पेटवू नये. कुकर उतरवला की त्याच्या झाकणावरच वाटी ठेवावी.

तर तुझा मसुदा. तुमचं खातं देशाचं जुनं बालधोरण नव्याने लिहितंय, त्यावर एका गृहिणीचं मत हवं म्हणून एवढं बाड तू माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या बाईकडे धाडलंस, याचा अभिमान वाटला. पण दादा, सरकारने छापलंय एकाच बाजूला. इतके पाठकोरे कागद बघून माझ्याच्याने राहवेना. मी ते शिवून आमच्या बिट्टीला गणितांसाठी वही करून दिली. (आधी वाचून मग देणार होते. आधीच दिली गेली.)

कार्टीने गणितं सोडून छापील बाजू वाचली. मुलांबाबत काहीही ठरवण्याआधी त्यांना विचारावं, हे कलम तिला तोंडपाठ आहे (पाढे अजून नाहीत). आंघोळीचं पाणी काढलं की म्हणते, मला विचारलंत? भोपळ्याची भाजी केली की तेच. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात आणि डोळ्याला भिंग लावलं की त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे ते सुटले. सासूबाई मात्र तिच्या पक्षात गेल्या. म्हणाल्या, "मला लग्नालासुद्धा कुणी विचारलं नव्हतं, आता तरी विचारा." आता देवापुढे बसताना दोघींना विचारावं लागतं, प्रार्थना मोठी की छोटी. दोघी छोटी म्हणतात. देव बिचारा चालवून घेतो.

परवा बिट्टीला तुझा निरोप सांगितला, की पुढच्या वर्षी मामाकडे राहून तिथल्या मोठ्या शाळेत जायचं, प्रवेशाचं मामाने बोलून ठेवलंय. तिने शांतपणे वही उघडली, कलमावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे मामानेच लिहिलंय ना? मग त्याने मला का नाही विचारलं?" याचं उत्तर तूच कळव. तिचं उत्तर मात्र 'नाही' असं आहे. तेव्हा तिच्या हक्काचा मान राखून तो प्रवेश रद्द करावा.

वहिनींना नमस्कार, तुला पुन्हा एकदा (या वेळी उठून).

तुझी धाकटी बहीण

ता. क. मसुदा सोबत परत पाठवते. मागच्या अपूर्णांकांकडे लक्ष देऊ नये. आरोग्याच्या प्रकरणावरचा डाग भोपळ्याचा आहे. माझं मत: धोरण चांगलं आहे, पुढच्या वेळी दोन्ही बाजूंनी छापावं.

आणखी एक. पाकीट चिकटवायला घेतलं, पण कागद पुन्हा बाहेर काढला. 'नाही' बिट्टी म्हणालीच नव्हती. ती म्हणाली, "विचार करून सांगते," आणि संध्याकाळी येऊन सांगितलं की जाईन, मामाच्या खिडकीतून मैदान दिसतं. 'नाही' माझं होतं, ते मी तिच्या नावावर खपवलं. तेव्हा प्रवेश राहू दे. फक्त त्या कलमाखाली एवढी ओळ बसते का बघ: मुलांना जरूर विचारावे, आणि ती 'हो' म्हणाली तर आईला थोडा वेळ द्यावा.