एकतीस प्रमाणपत्रे रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. अधिकारी,
डिजिटल साक्षरता विभाग

विषय: केंद्र क्र. ४ मधील एकतीस प्रमाणपत्रे रद्द करून नेत्र रुग्णालयाची नोंदणी खिडकी पुन्हा उघडणेबाबत.
संदर्भ: ‘वस्ती शंभर टक्के डिजिटल साक्षर’ हे आपले पत्र.

महोदय,

१. परीक्षेच्या दिवशी वर्गात दोन टॅबलेट होते, पैकी एकाची काच तडकलेली. सॉकेट एक, बाक चार, परीक्षार्थी सदतीस. प्रत्येकाला दहा मिनिटे धरली तर एकशे पंच्याऐंशी मिनिटे लागणार होती. खोली आम्हाला दोन तासच मिळाली होती.

२. सहा जणांनी स्वतः उत्तरे दिली. उरलेल्या एकतीस जणांची उत्तरे मी दाबली. इस्त्रीवाले काका म्हणाले, “ही काच माझं ऐकत नाही, तुझं ऐकते. तूच सांग तिला.” माझी मावशी म्हणाली, “मला काय विमान उडवायचंय? दाब तूच.” सगळे हसले, मीही हसले. निकाल सदतीसपैकी सदतीस लागला.

३. त्या निकालावरून आपले पत्र निघाले आणि नवव्या दिवशी रुग्णालयातील खिडकी बंद झाली. काचेवर कागद लागला: ‘नोंदणी फक्त मोबाईलवर’. खिडकीवरच्या बाई लाल डोळा दिसला की त्याच दिवशी आत पाठवत. मोबाईलवरच्या फॉर्ममध्ये दुखणे लिहायला रकाना नाही.

४. मावशी काजं-बटणं करते. मला तिनेच वाढवले आणि रसायनशास्त्राच्या पदवीपर्यंत शिकवले. मी दुसऱ्या केंद्रावर बारा दिवस कामाला असताना तिचा उजवा डोळा दुखू लागला. दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली. ती तीनदा रुग्णालयात गेली. तिसऱ्यांदा तेथील लिपिकाने उत्तीर्णांची यादी पाहिली व म्हटले, “मावशी, तुम्ही तर पास आहात. घरून करा की!” परीक्षेत बटणे कोणी दाबली हे तिने सांगितले नाही. सांगितले असते तर माझे काम गेले असते, असे तिला वाटले. “माझंच डोकं चालत नाही बघा,” एवढे बोलून ती परत आली. मला फोनवर म्हणाली, “सगळं ठीक आहे गं, तू जेवलीस का?”

५. मी परतले तेव्हा उशीर झाला होता. गेल्या रविवारी मी सदतीसही जणांची फेरचाचणी घेतली. काम एकच: आपापल्या मोबाईलवरून रुग्णालयाचा नंबर लावणे. दहा मिनिटांत चौघांना जमले, अर्ध्या तासात एकूण सहा जणांना. “तू अशी बोटं आवळून का बसलीस?” असे काकांनी विचारले. या वेळी मी एकही बटण दाबले नाही.

६. माझ्यावर नियमाप्रमाणे कारवाई व्हावी. माझी काही हरकत नाही. मात्र चौकशी पूर्ण होण्याची वाट न पाहता खिडकी उघडावी, ही विनंती. मावशीचा नंबर आता मी मोबाईलवर लावला आहे. मिळालेली तारीख सव्वीस दिवसांनंतरची आहे. इतर तीस जणांच्या घरी नंबर लावून देणारे कोणी नाही.

झाल्या चुकीस जबाबदार,
आपली नम्र,
(सही)
प्रशिक्षिका, केंद्र क्र. ४
दिनांक: १४ नोव्हेंबर

सोबत:
१) मी ज्यांची उत्तरे दाबली त्या एकतीस जणांची यादी, माझ्या सहीनिशी.
२) फेरचाचणीचा तक्ता, प्रत्येकाला लागलेल्या मिनिटांसह.
३) मावशीच्या डोळ्यांची नोंद, चष्म्याच्या दुकानातील यंत्रावर काल सकाळी घेतलेली. उजवा डोळा: फक्त उजेड कळतो. डावा डोळा: आतला दाब ३१ (२१ च्या आत असावा).