दिघे मास्तरांची बासरी

अवधपुरी, भोपाळ

भाऊजी,

तुम्हाला नमस्कार लिहायला हात धजत नाही.

परवा मराठी मंडळातल्या ह्यांच्या शोकसभेत तुम्ही धाकट्या भावावर कविता वाचलीत. इथल्याच शिवाजीनगरातल्या तुमच्या घराहून आमचं घर अर्ध्या तासावर, पण सात महिन्यांच्या आजारपणात तुम्ही एकदाही आला नाहीत. हे रोज खुर्ची फाटकाकडे वळवून बसायचे.

कविता ऐकून लोक रडले. मीही रडले असते, पण मध्येच तुम्ही म्हणालात, ‘तुझी बासरी मुकी झाली.’ ह्यांनी जन्मात बासरी हातात धरली नव्हती. कारखान्यातल्या आवाजानं कानच गेले होते. बासरी वाजवायचे ते दिघे मास्तर. मागच्या वर्षी त्यांच्या शोकसभेत तुम्ही हीच कविता वाचली होतीत. सख्ख्या भावासाठी फक्त नाव बदललंत.

कवितेचा कागद तुम्ही सभेतल्या टेबलावरच विसरलात. मी तो जपून ठेवलाय. हे पत्र मात्र पाठवणार नाही, नाहीतर तुम्ही सावध व्हाल. तुम्ही गेलात की मंडळात मी बोलायला उभी राहीन आणि हीच कविता वाचीन. नाव तेवढं बदलीन. बासरी तशीच ठेवीन.

तुमच्या मागे उरायचं ठरवलेली,
शशिकला