जसकंवल माझे बूट तपासते

२ जानेवारी, सकाळ
कॉलेज अर्ध्यात सोडल्याचा आज अजिबात पश्चात्ताप नाही. लुधियानाच्या सायकल कारखान्यात रंगाच्या गनवर लागलो. गनमधला रंग विजेच्या ओढीनं आपणहून फ्रेमला जाऊन चिकटतो. सेफ्टीवाली जसकंवल दिसली आणि माझंही तेच झालं. लोहडीची शेकोटी पेटेपर्यंत तिनं पास केलं की नोकरी पक्की. मग बीबीला, म्हणजे आईला, स्थळ घेऊन तिच्या घरी धाडणार.

३ जानेवारी
ट्रेनिंग. जसकंवल म्हणाली, अंगात साचलेली वीज पायांतून जमिनीत उतरली पाहिजे. नाहीतर ठिणगी पडेल, आणि थिनरच्या वाफेत एक ठिणगी पुरे, खोली उडेल. म्हणून बूट कारखान्याचेच, आणि गन उघड्या हातानं धरायची. सांगत सगळ्यांना होती, बघत माझ्याकडे. आमच्या रंगखात्याचे बलकार उस्ताद, त्यांच्या मते मी घोरत होतो म्हणून.

५ जानेवारी
रोज सकाळी यंत्राच्या पत्र्यावर उभं करून बुटांतून वीज उतरते का ते तपासते. हिरवा दिवा लागेपर्यंत नजर खालीच. लाजते बिचारी. (सगळ्यांचेच तपासते. पण ते कर्तव्य.)

७ जानेवारी
संकल्प: रागवायचं नाही. तासाभरात मोडला. उस्ताद सगळ्यांसमोर म्हणाले, ओए आशिक, गन फ्रेमवर धर, पोरीवर नको! मी ताडकन म्हणालो, तोंड सांभाळा. ते म्हणाले, आधी फ्रेम टांगायचे हूक खरवड, रंगाची पुटं चढलीत, त्यातून वीज उतरणार कशी? उद्या नक्की खरवडणार.
खरी अडचण वेगळीच. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे.

९ जानेवारी
चौडा बाजारातून बूट आणले. तीन बोटं जाड रबरी तळ! सकाळी कारखान्याच्या बुटांवर हिरवा दिवा मिळवला, मग रॅकमागे जाऊन बदलले. धोका? छे. रबरातून वीज जात नाही, म्हणजे मी उलट जास्तच सुरक्षित. दोन सेमिस्टर फिजिक्स उगाच केलं काय?
हूक राहिले.

१० जानेवारी
तिनं नुकतंच दार उघडलं होतं, त्याच कडीला मी हात लावला. चट्! बोटात झिणझिण्या. हे प्रेम नाही तर काय?

१२ जानेवारी, दुपार
थिनरच्या डब्याला बोट लागलं. चट्. भक्! भुवया गेल्या. वाफ बाहेर ओढणारा पंखा चालू होता म्हणून खोली राहिली. जसकंवलनं कॉलर धरून मला बाहेर ओढलं. पहिला स्पर्श. मग आग विझवून माझ्या पायांकडे बघितलं आणि विचारलं, हे का घातलेस? म्हणालो, उंचीसाठी. ती म्हणाली, तुझ्यामागे सहा माणसं उभी होती, त्यांना लेकरं आहेत. उस्ताद म्हणाले, पुत्तर, लोहडी उद्या आहे, तू आजच पेटवलीस!
पण महत्त्वाचं पुढेच. तिनं माझा फोटो काढला. स्वतःच्या मोबाईलवर! पुन्हा पुन्हा बघणार.

१३ जानेवारी, लोहडी
गनवरून काढलं. आता हूक खरवडायचे. तात्पुरतंच असणार. बीबीनं विचारलं, स्थळाचं काय झालं? म्हटलं, फोटो तिच्याकडे पोचलाय.

१४ जानेवारी
कारखान्याच्या गेटवर फोटो लागलाय. पुरुषभर उंच, रंगीत. वर लाल फुली, खाली लिहिलंय: हे घालून आत येऊ नये.
तोंड कापलंय. फक्त बूट ठेवलेत.