काळीचा आवाज पहाटे कोंदतो

३ डिसेंबर
आबा आला होता, देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष. "जत्रेक औंदा सनई नाय. स्पीकर लावतंव." सनईवाला बाबलो पावसाळ्यात पाणंदीत घसरला, उजवा हात मोडला. प्लास्टर निघालं, पण बोटं वळत नाहीत. चाळीस वर्षं पहाटेची पालखी त्याच्या सनईवर निघाली. मी बोलून बसलो, "मी वाजवीन ओबो."
सरकारी बँडात तीस वर्षं ओबो फुंकला, म्हणजे काळ्या लाकडाची, चाव्यांची विलायती सनईच. गावच्या देवीपुढे एकदाही नाही. ही खंत आहे, लपवत नाही.
बाबल्याला सांगायला गेलो. म्हणाला, "तुझी ती काळी? चलात. स्पीकरापेक्षा बरी." ओबोचं गावात हेच नाव.

५ डिसें.
पहाटे साडेपाच, घरापुढच्या खळ्यात. थंडी. काळीच्या वरच्या तुकड्यातले तीन स्वर कोंदलेले, उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखे. आतून बायको, सुमन : "अवो, म्हशीक सर्दी झाली काय?"
दुपारी फुंकून पाहिलं. एकदम मोकळे! कळेना.

६ डिसें.
फुंकायची पत्ती नवी बांधली. पहाटे तेच, दुपारी स्वच्छ. म्हणजे पत्तीचा दोष नाही.

७ डिसें.
चाव्यांखालच्या गाद्या तपासल्या. रीत जुनी : सिगारेटचा पातळ कागद गादीखाली धरून ओढायचा, अडकला तर गादी नीट बसते. त्यासाठी पाकीट आणावं लागलं. सगळ्या गाद्या ठीक. तंबाखू मात्र खळ्यात सांडली आणि सुमनला सापडली. तासभर कोर्ट. कागद दाखवला, तरी निकाल माझ्याविरुद्ध.
लाकूड सुकलं असणार. नोव्हेंबरात तेल दिलं होतं, कमी पडलं. घाण्याचं खोबरेल, कोंबडीच्या पिसाने आतून परत लावलं. सढळ हाताने.

९ डिसें.
आणखी वाईट. आता चार स्वर.
वाद्यात दोष नाही म्हटल्यावर राहतो कोण? मीच. वय सदुसष्ट. भीती वाटली, खरंच वाटली. कुडाळला डॉक्टर गाठला. छाती तपासून म्हणाला, "फुप्फुसं उत्तम आहेत, काका. काय त्रास होतो?" काय सांगणार? पहाटे ध लागत नाही?
संध्याकाळी परत दोन थेंब तेल.

११ डिसें.
आबा रस्त्यात. "स्पीकरवाल्याक हो म्हणान सांगू मा?" म्हटलं, दोन दिवस थांब. बाबल्याच्या घरावरून जाताना मान खाली घालून गेलो.

१२ डिसें.
आंघोळीला गेलो, डोक्याला तेल घ्यायला बाटली उलटी केली. थेंब पडेना. सुमन म्हणाली, "गोठला तां. हंय हाडा, उन्हात ठेवतंय."
पंचा गुंडाळून तसाच उभा राहिलो. पांढरं घट्ट खोबरेल. बाटलीतही, आणि काळीच्या बारीक भोकांतही! पहाटे गोठतं, दुपारी वितळतं. आणि मी शहाणा रोज वर आणखी ओततोय.
काळी उन्हात ठेवली तर लाकूड तडकेल. सदऱ्याच्या आत घेऊन बसलो तासभर. मग पीस, कापूस, उरलेला सिगारेटचा कागद. एकेक भोक पुसलं.

१३ डिसें.
पहाटे सगळे स्वर मोकळे. डोळ्यांत पाणी आलं.
खळ्याच्या दगडी गडग्यापाशी बाबलो उभा राहून ऐकत होता. हकीकत सांगितली. हसून हसून खोकला. "तीस वर्सा बँडात काय केलंस रे? भजी तळलंस?"
पालखीच्या चाली शिकवायला बसला. तोंडाने म्हणतो, मी वाजवतो. तीन चुका काढल्या. तिन्ही खऱ्या होत्या.

१९ डिसें. जत्रा
वाजवलं. पालखी बाहेर पडताना एकदा श्वास तुटला, ढोलवाल्याने सावरलं. स्पीकर नव्हता. आबा म्हणाला, "बरा झाला." म्हाताऱ्या बायका काळीच्याही पाया पडल्या.
बाबलो पालखीपुढे आला नाही. मागे, दीपमाळेपाशी. घरी जाताना म्हणाला, "फुडच्या वर्षाकय तूच." मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

२१ डिसें.
झोप नीट नाही. सकाळी एक गोष्ट सुचली. सनईचं भोक बोटाच्या पेराने पुरं बुजवावं लागतं, तिथेच बाबल्याचं अडतं. काळीच्या चाव्यांना झाकणं आहेत, बोट नुसतं टेकलं की पुरे. हे आजवर माझ्या डोक्यात कसं आलं नाही?
काळी घेऊन त्याच्याकडे. आधी हात लावीना. "माझा संपला, वसंता." मी ती त्याच्या मांडीवर ठेवली आणि माडांकडे बघत बसलो.
शेवटी उचलली. डाव्या हाताचे स्वर स्वच्छ, माझ्यापेक्षा चांगले. उजव्याचं पहिलं बोट बसलं. दुसरं अर्धवटच टेकलं. स्वर कोंदला. त्याने जोर लावला, आणखी कोंदला.
म्हटलं, "दाबू नको. नुसतं ठेव."
ठेवलं. आला. पुरता मोकळा नाही, पण आला. तिसऱ्या बोटाला आज हात घातला नाही.
काळी त्याच्याकडेच ठेवून आलो. उद्या पहाटे साडेपाचला खळ्यात येतो म्हणाला. थंडी असते, सहाला ये म्हटलं. तो साडेपाचलाच येणार.